लोंबणारी वायर
वाळ्याच्या कूलरचा वास आला की अकोल्याचं ते ऑनलाइन परीक्षा केंद्र आठवतं. मी घरातला पहिला पदवीधर, आणि तिथल्या नेटवर्कवर नजर ठेवायची नोकरी मला नुकतीच मिळाली होती. एकदा भर पेपरात स्क्रीनवरची डेटाच्या ट्रॅफिकची रेघ सरळ वर गेली आणि सगळे संगणक अडकले. “सर, माहं उत्तरच जाऊन नाही राहिलं,” एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली. सगळे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्क स्विचपाशी मी धावलो, तर एकाच वायरीची दोन्ही टोकं त्यातच खोचलेली. तोच डेटा आतल्या आत गरगरत होता. “लोंबून राहिली होती, म्हणून म्याच लावून देली,” पर्यवेक्षक काका म्हणाले. मी वायर उपटली, संगणक चालू झाले, पण त्या मुलीची गेलेली मिनिटं काही परत आली नाहीत. आज अमरावतीत माझ्या स्क्रीनवर सगळं सुरळीत दिसतं, तेव्हाही कुठंतरी कुणाचं उत्तर अडकलं असेल, ही भीती जात नाही.