सहा नंबरचं घर

सन २००२. मी तेव्हा सत्तर वर्षांचा. उमेळ्यात आमच्या आळीतली जुनी घरं लोकांनी हिंडून बघावी, असं गावच्या तरुण मंडळींनी ठरवलं. शनिवार आणि रविवार. हातात नकाशा घ्यायचा आणि भिंतीवरचे नंबर बघत आपलं आपण फिरायचं. माझ्या भिंतीवर गेरूने सहा काढला. शेवटचा. म्हटलं, चांगलं ते शेवटी.

शाळा मी तिसरीत सोडली, पण आमच्या घराची तुळई कुणालाही समजावून देईन. एका सागाची, अख्खी, आजोबांनी बैलगाडीवर आणलेली. ती लोकांनी बघावी आणि माझ्या तोंडून ऐकावी, एवढीच हौस. शनिवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ओटीवर बसलो. बायकोने सुकेळी, म्हणजे बागेतली वाळवलेली केळी, ताटात काढली.

दुपार झाली तरी माणूस नाही. नकाशाच चुकला म्हणत मी उलटा निघालो. पाच, चार, तीन, सगळे आपापल्या ओटीवर माझ्यासारखेच ताटकळलेले. मलाच बसवून चहा पाजत होते. तीन नंबरचं घर जन्मभर ओटीपर्यंतच पाहिलेलं, त्या दिवशी माळ्यावर चढलो. बरा आहे माळा. आमच्यासारखा नाही.

पाहुणे सापडले एक नंबरात. स्टेशनकडच्या बिल्डिंगांतली माणसं, पंगत धरून बसलेली. आमच्यात दारी आलेल्याला तसंच पाठवत नाहीत, आणि त्या घरची म्हातारी तर 'नको' ऐकतच नाही.

"पुढे अजून घरं आहेत," मी म्हणालो.

"काका, आता रिक्षाच बघतो," एक बाई म्हणाली. "एवढं जेवून कोण चालणार?"

म्हातारीने माझ्यापुढेही पान मांडलं होतं.

घरी आलो तर ताट अर्धं रिकामं. एक नवरा-बायको नकाशा उलटा वाचून शेवटाकडूनच सुरुवात करून गेले होते.

"तुळई कुणी सांगितली?"

"मी," बायको म्हणाली. "तुम्ही असता तर ते अजून इथेच असते."

मी जेवलो नाही. पोट भरलेलंच होतं, पण ते तिला सांगितलं नाही.

रविवारी चर्चमधल्या पहिल्या मिस्साहून आलो तो चुन्याचा डबा घेऊनच. सहावर चुना फासला, वाळल्यावर गेरूने मोठा एक काढला, आणि सदरा ठीक करून ओटीवर बसलो.