बदकाच्या पेटीत काय होतं

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं क्वार्टरच्या पायरीवर बसलो होतो. बायको मेथी निवडत होती, मी काड्या बाजूला टाकत होतो, आणि मध्ये आमची नात पूर्वा मांडीवर पुस्तक घेऊन. पुस्तक इंग्रजी. त्यात एक बदक पेटी घेऊन बर्फातून चाललेलं. दारं ठोठावतंय, पण कुणी आत घेत नाही. माझ्या बायकोला, इंदूला, इंग्रजीच काय मराठी अक्षरही येत नव्हतं. ती चित्र बघायची आणि अहिराणीत गोष्ट सांगायची. तिच्या गोष्टीतलं बदक नामपूरचं होतं. शेवटी एका म्हातारीनं त्याला घरात घेतलं. आता पेटी उघडायची, तेवढ्यात हिनं पुस्तक मिटलं.

"पेटीमा काय शे, ते सकाय सांगसू." म्हणजे उद्या. पोरीला असं टांगून ठेवायची तिची खोडच होती.

सोमवारी दुपारी भांडी घासताना ती मोरीतच खाली बसली. उठली नाही.

नामपूरच्या मंडळींनो, तुम्ही सगळे विचारता, बाई गेली, आता तिथं तुझं काय राहिलं? म्हणून हे लिहितोय. मी चौथी शिकलोय, जमेल तसं वाचा.

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी स्टँडवर तुम्ही सगळे होता. मुलाला, सुभाषला, नाशिकजवळ एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरी लागलेली, सुनेचे दिवस भरत आलेले. दोन बिघे मळा धाकट्या भावाच्या हवाली केला आणि निघालो. पत्र्याची पेटी एस.टी.च्या टपावर चढवताना माझा खांदा निखळायची वेळ आली. भाऊ खालून ओरडला, "दादा, विहीर उपटून नेतो का काय?" नाशिकला पोचून पेटी उघडली, तर लुगड्यांच्या खाली वरवंटा.

"पाटा जड व्हता, म्हणून गावीच ठिवला," ही म्हणाली.

"अगं, सुभाषकडं मिक्सर हाय."

"मग बारशाला पाळण्यात काय मिक्सर निजवू?"

आपल्यात बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतातच. पूर्वाच्या बारशाला तोच निजला, टोपडं बांधून. पुढं मिक्सरसमोर त्याला काम उरलं नाही. वाऱ्यानं दार आपटायचं, तिथं तो दाराला टेकण म्हणून बसला.

आमचंही तसंच झालं. मळ्यात जन्म गेलेली बाई, मेथीची जुडी विकत घेताना तिच्या जिवावर यायचं. स्वयंपाक सुनेचा, टीव्ही मुलाचा. हिच्या हातात राहिली ती नात.

कॉलनीच्या लायब्ररीत पोरांचं एक कपाट आहे. शाळेच्या टीचर लोकांनी वाचायला सुचवलेली इंग्रजी गोष्टींची पुस्तकं त्यात वेगळी ठेवतात, त्यांच्यावर लाल ठिपका. इंदूला तो ठिपका पाठ. दर रविवारी पोरीला घेऊन जायची, चित्रं बघून पुस्तक निवडायची. लायब्ररीवाल्या बाई एकदा हसून म्हणाल्या, "आजी, इंग्रजी कळतं का तुम्हाला?"

"चित्राला कुठं इंग्रजी येतं, बाई?"

एकदा पूर्वानं शाळेत सिंहाची गोष्ट सांगितली. सिंह आजारी पडला, मग त्याला बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी दिली, तर तो उठून बसला. टीचरनं सुनेला बोलावून घेतलं. सून मनानं वाईट नाही, पण घरी आली ती रडवेली होऊन. "आई, पुस्तकात असेल तेच सांगत जा ना. वर्गात सगळे हसले तिला." पुढच्या रविवारी इंदू लायब्ररीला गेली नाही. पायरीवर नुसती बसून राहिली. मला ते बघवेना, पण मी तरी काय बोलणार?

बोलली पोरगीच. आजीच्या चपला आणून तिच्या पुढ्यात ठेवल्या. "आजी, चल. बुकातली गोष्ट मम्मीला येते. तुझी नाय येत तिला."

सून ओट्याशी उभी होती. हात पुसत आली आणि लायब्ररीचं कार्ड सासूच्या हातात दिलं.

तर इंदूच्या तेराव्याला धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, सकाळच्या गाडीनं चल. मळा तुझाच हाय." मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मलाही घर खायला उठलं होतं. तीच पत्र्याची पेटी काढली, कपडे भरले, खाली वरवंटा ठेवला. तिची वस्तू गावाला परत जाऊ दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पेटीवर पूर्वा बसलेली, मांडीवर ते बदकाचं पुस्तक. सुतकात कुणी परत करायला नेलंच नव्हतं.

"आबा, पेटीत काय होतं?"

"पप्पाला विचार. वाचून दाखवील."

"त्यांनी वाचली. त्यात दिवा आहे. आजीच्या पेटीत काय होतं?"

भाऊ चपला घालून दारात उभा. गाडीची वेळ झालेली. मला गोष्ट सांगता येत नाही, जन्मात कधी सांगितली नाही. तिला पेटीवरून उठवलं. पेटी उघडली, कपडे बाजूला केले आणि म्हटलं, "हे व्हतं."

तिनं वरवंट्याकडं बघितलं, मग चित्राकडं. "चित्रात तर दिवाच आहे."

"दिवा वर. खाली वरवंटा. म्हणून तर पेटी जड, बदक वाकडं चालतंय बघ."

तिनं पुस्तक डोळ्यांशी नेऊन बघितलं. खरंच वाकडं चालत होतं. "वरवंटा कशाला आणला त्यानं?"

"म्हातारीच्या घरी बाळ येणार व्हतं. तू यायच्या आधी तुझ्या पाळण्यात कोण निजलं व्हतं, म्हाईत हाय का?"

भाऊ दारातून ऐकत होता. मग चपला काढून आत येऊन बसला, दुपारच्या गाडीनं एकटाच गेला.

मी वरवंटा उचलून दाराशी जागेवर ठेवला. पुस्तक पिशवीत घातलं.

"चल," पोरीला म्हटलं, "लायब्ररी उघडली आसंल. लाल ठिपका कुठं असतो, ते मला दाखव."