केसरीनाथचा कॅनडा

केसरीनाथ पाटलाला कॅनडाचा नाद लागला तो रद्दीमुळे. त्याच्या गोदामात परदेशी रद्दीचे गठ्ठे उतरायचे. २००६ साली एका गठ्ठ्यातून तिकडच्या पश्चिम भागाच्या इतिहासाची गमतीदार पुस्तकं निघाली. घोडेचोर, चोरटी दारू विकणारे व्यापारी, लाल डगलेवाले पोलीस, सोन्यापायी बर्फात बोटं गमावलेले दीडशहाणे. बी.ए.ला दोनदा गटांगळी खाल्लेल्या केसरीनाथने ती झपाटल्यासारखी वाचली. भिवंडीचा इतिहास विचारलात तर मात्र जांभई द्यायचा.

नारपोलीला दिलेली त्याची थोरली बहीण, आक्का, रविवारी माहेरी यायची. ती ओटीवर सुकट निवडायची आणि हा तिला पुस्तकातलं आमच्या बोलीत सांगायचा. घोडेचोरांवर ती खदखदून हसायची. पण तिथल्या मूळ लोकांनी, वाचता न येणाऱ्या कागदावर खुणा करून, पदकं नि कोटांच्या बदल्यात मुलूख घालवला, हे सांगताना केसरीनाथचा गळा दाटून यायचा. "काय लबाड जात गोऱ्यांची," म्हणत तो डोळे पुसायचा. मी शेजारी. मला त्या रडण्याचा राग यायचा.

पुढल्या वर्षी हायवेलगतच्या त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीला गोदाम बांधणारं गिऱ्हाईक आलं. कायद्याने निम्मी जमीन आक्काची. तिने हक्कसोड लिहून दिल्याशिवाय व्यवहार होईना. आमच्याकडे त्याची रीत ठरलेली आहे: भावाने साडी द्यायची, बहिणीने सही करायची. कागद वाचायला मागणारी बहीण माहेराला मुकते.

केसरीनाथने मोरपंखी साडी घेतली आणि आक्काला गाडीतून कचेरीत नेलं. साक्षीदार म्हणून मलाही कोंबलं. वकिलाने कागद पुढे सरकवला.

"यात काय लिवलंय?" आक्काने विचारलं.

"नेहमीचंच हाय. कर सही," केसरीनाथ म्हणाला.

"येवढी पुस्तकं वाचून दावलीस. यो एक कागद पन वाच."

वकील गालातल्या गालात हसला. केसरीनाथ नाइलाजाने वाचू लागला. 'मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय' इथपर्यंत आला आणि अडखळला. मग उरलेलं भराभर उरकलं. या खेपेला त्याचा गळा काही दाटून आला नाही.

आक्काने सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवरची साडी टेबलावर ठेवली.

"नाथा, यातला गोरा कोन?"

पेनाला हातही न लावता ती बाहेर पडली. मी तिला रिक्षा थांबवून दिली. माहेर तुटलं म्हणून ती रिक्षात ढसाढसा रडली, पण परत फिरली नाही.