धाव मागे का राहते

गोदावरीबाईंना माफीनामा आयता मिळाला. मुख्याध्यापकांनी तो स्वतःच्या अक्षरात लिहून आणला होता. खाली सही तेवढी करायची होती. झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, आणि त्या प्रश्नाचे गुण सर्वांना सरसकट देत आहे, असा मजकूर. सही केली नाही तर अकरावीचे शास्त्र काढून घेऊन पाचवीचे शिवणकाम देण्यात येईल, हे मुख्याध्यापकांनी तोंडी सांगितले.

ही १९६२ सालची हकिगत. बाई महाडच्या एका वकिलाच्या कन्या, बी.एस्सी. झालेल्या, वय चौतीस. लग्न का केले नाही असे कोणी विचारले तर ‘राहून गेलं’ म्हणत आणि विषय संपवत. सहा वर्षे त्या रोज सकाळच्या एस.टी.ने पोलादपूरला येत आणि तिथल्या एका शाळेत शास्त्र शिकवत. शाळेत उपकरणांचे कपाट होते, कपाटात एक तराजू होता. बाकीची उपकरणे बाई गावातून मागून आणत.

सहामाहीच्या पेपरात त्यांनी विचारले होते : ‘बैलगाडीच्या चाकाची धाव आणि जात्याची वरची दगडी तळी उतारावर एकाच उंचीवरून एकाच वेळी सोडली. आधी खाली कोण पोहोचेल? कारण द्या.’ एकेचाळीस मुलांपैकी छत्तीस जणांनी ‘धाव’ लिहिले. सोनबा नावाच्या मुलाने कारणही दिले होते : ‘कारण तिचे नावच धाव आहे.’

पुढच्याच आठवड्यात नवे तपासनीस आले. शहरात वाढलेले गृहस्थ. त्यांनी पेपर वाचला आणि शेरेबुकात लिहिले : ‘धाव ही क्रिया आहे, वस्तू नव्हे. प्रश्न निरर्थक व अभ्यासक्रमाबाहेरचा.’ लाकडी चाकावर बसवलेल्या लोखंडी पट्ट्याला धाव म्हणतात, असे बाईंनी तिथल्या तिथे सांगितले. शिपाई मागे तोंड फिरवून हसला, आणि तेच तपासनीसांना लागले. बाईंनी माफी मागावी, तीही लेखी, असे त्यांनी बजावले.

शनिवारी शाळा समितीसमोर बाईंना बोलावले. तपासनीस मुद्दाम थांबले होते. समितीचे अध्यक्ष सयाजीअण्णा, कापडे गावचे शेतकरी, भाताची कापणी टाकून आलेले.

“बाई,” अण्णा म्हणाले, “मी चार गाड्या बाळगून हाय. दगूड धावंला हरवील, ह्ये काय मला पटत नाय. नावातच हाय तिच्या.”

“नाव आपण ठेवलं, अण्णा. तिला विचारून नाही.”

“शब्दाचं सोडा,” तपासनीस म्हणाले. “नमुना उत्तर तुम्ही ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून काढलंय. उतारावर घर्षण असतं. घर्षण ऊर्जा खातं. मग अक्षय्यता कुठली? मुळातच चूक.”

“घर्षण नसतं तर धाव घसरत आली असती, फिरली नसती. पण ती नीट फिरते तेव्हा जमिनीला टेकलेला तिचा भाग त्या क्षणी स्थिर असतो. घासतच नाही. घासलं नाही तर खाल्लं काय?”

तपासनीसांनी चष्मा पुसला.

“उंचीवर ठेवलं की वस्तूत ऊर्जा साठते,” बाई अण्णांकडे वळल्या. “खाली येताना ती दोन कामांत वाटली जाते. एक पुढे जाणं, दुसरं स्वतःभोवती फिरणं. धावेचं सगळं लोखंड कडेला. ते पुरत्या वेगानं फिरवायचं, म्हणजे निम्मी ऊर्जा त्यातच जाते. तळीचा बराचसा दगड आत, मध्याजवळ. तो सावकाश फिरतो. तिथं फिरण्यात सुमारे तिसरा हिस्सा जातो. उरलेली सगळी पुढे जायला.”

“मग दाखवा,” अण्णा म्हणाले.

नव्या वर्गासाठी आणलेल्या दोन लांब फळ्या ओट्याला तिरप्या लावल्या. लोहाराकडून धाव आली, शेजारच्या घरातून तळी. शिपायाने आणि अण्णांनी दोन्ही वस्तू वर धरल्या. बाईंनी हात खाली केला. तळी खाली पोहोचून चिखलात आडवी झाली तेव्हा धाव अजून फळीवरच होती.

“सोडताना हात अडकला आसंल,” अण्णा म्हणाले. पुन्हा सोडले. पुन्हा तेच.

“दगड जड आहे,” तपासनीस म्हणाले. “जड वस्तू जिंकणारच.”

“वजनाचा संबंध नाही. समीकरणात ते दोन्ही बाजूंना येतं आणि उडून जातं.” बाईंनी पाणी भरणाऱ्या ठमाबाईंना हाक मारली. “रांजणावरचं झाकण द्या.”

“न्या, पण फुटलं तर पाण्यात पाली पडतील, मंग माझ्या नावानं बोंबलू नका.”

झाकण सपाट, भरीव, फणसाच्या लाकडाचे. धावेच्या मानाने वजन काहीच नाही. तेही धावेच्या आधी खाली आले. अण्णांनी धावेला पायाने हलकेच ढकलले. “घरात नाव मोठं, आन् उतारावर ह्ये.”

तपासनीसांनी शेरेबुक उघडले. मग म्हणाले, “प्रयोग मान्य. पण प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता, हे कबूल?”

“कबूल.”

“तेवढं लिहून द्या. आणि दिलगिरी.”

बाईंनी मुख्याध्यापकांचा कागद घेतला, सगळा मजकूर आडव्या रेघेने खोडला आणि खाली लिहिले : ‘प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. उत्तर बरोबर होते. प्रश्न मागे घेतलेला नाही.’ खाली सही केली.

“दिलगिरी राहिली,” मुख्याध्यापक हळूच म्हणाले.

“राहू दे.”

तपासनीसांनी अण्णांकडे पाहिले. अण्णांनी कागद वाचला, घडी घातली आणि शेरेबुकात ठेवून दिला. शेरा खोडला गेला नाही. वेळापत्रकही बदलले नाही.

तास सुरू होऊन दहा मिनिटे झाली होती. बाई अकरावीत गेल्या तेव्हा शर्यत बघायला खिडक्यांत चढलेली मुले खाली उतरत होती. सोनबा उभा राहिला. “बाई, परश्न बाहेरचा व्हता म्हनं. मंग गुण भेटणार ना?”

“धाव लिहिलंय त्यांना शून्य,” बाई म्हणाल्या. “फळ्या अजून काढलेल्या नाहीत. का, ते जाऊन बघून या.”