दत्तू पेंटरची जनावरं

लाकडाचा भुसा आणि किस्से, दोन्ही झाडता झाडता साठतात. सत्तर सालच्या आसपास घाटकोपरला माझं फ्रेमचं दुकान होतं. पुढच्या फळीवर दत्तू पेंटर बसायचा. मेलेल्यांचे फोटो बघून ऑइल पेंटमध्ये मोठी चित्रं करायची, हे त्याचं पोट. रिकाम्या वेळी मात्र जनावरं रंगवायचा. कोटातला रेडा, पदर सावरणारं बदक. एकच हट्ट, "अण्णा, माझं एक तरी जनावर कुणाच्या भिंतीवर लागलं पाहिजे यार!"

* * *

समोरच्या सोसायटीचे चेअरमन रेडा बघून पोट धरून हसले. "अरे, हा तर आमचा सेक्रेटरी!"

संध्याकाळी सेक्रेटरी आले. तेही हसले. "चेअरमनला काय झकास पकडलायस रे!"

"मग नेता घरी?"

"नको बाबा. बायकोला भलतंच कोणी दिसायचं!"

* * *

जवळच्या शाळेने प्रदर्शनात दत्तूचं एक चित्र लावायला घेतलं. मीटिंगला बसलेली मांजरं, मधे पापलेट. दत्तू इस्त्रीचा शर्ट घालून निघाला, मलाही नेलं. शाळेची पायरी मी तेव्हा पहिल्यांदा चढलो. चित्र होतं, पण तोंड भिंतीकडे!

हेडमास्तर म्हणाले, "नगरसेवक यायचेत. मिशा जुळतात हो."

"कुठल्या मांजराशी?"

"सगळ्यांशीच!"

* * *

एका हॉटेलवाल्याने ट्रे घेतलेला कोंबडा मागून नेला. दत्तू जो भेटेल त्याला सांगायचा, "लागला बरं का!" एकदा मला दाखवायला घेऊन गेला. भिंतीवर काही नाही. मालक म्हणाला, "आत आहे." आत पाण्याच्या पिंपावर कोंबडा आडवा. प्लायवूड चांगलं होतं ना!

दत्तूने वाकून बघितलं. "झाकण घट्ट बसलंय," म्हणाला. चहाला हात लावला नाही.

* * *

दत्तूच्या घरी एकच खोली. देव आणि आईवडील एकाच भिंतीवर. दत्तूने बदकासाठी हळूच खिळा ठोकला, तर वहिनी कडाडल्या, "या भिंतीवर माणसं लागतात! जनावरं दुकानात ठेवा!"

खिळा तेवढा राहिला.

* * *

दत्तू काविळीने गेला. बाराव्याला हार घालायला फोटो हवा. अख्ख्या घाटकोपरचे मेलेले रंगवले, पण स्वतः कधी स्टुडिओत गेला नाही. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, दुकानात बघा ना काही."

मी माळा उपसला. सापडला एक बैल. कानामागे पेन्सिल, नाकावर घसरलेला चष्मा, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. मान खाली घालून कुणाचं तरी चित्र काढतोय.

बिचकतच घेऊन गेलो. वहिनींनी बराच वेळ बघितलं. पदराने धूळ पुसली, त्या खिळ्याला लावला, गंध लावलं, हार घातला.

बाराव्याला चेअरमन आले, सेक्रेटरी आले, हेडमास्तर आणि हॉटेलवालाही. चपला काढून एकेक जण बैलाला हात जोडत होता.

चेअरमन पुटपुटले, "हुबेहूब हो!"

सेक्रेटरींनी मान डोलावली. "आता आमचं कोण काढणार?"