जंगल नसलेलं आदिवासी पुस्तक

“पण यात जंगल कुठाय?” नानासाहेबांनी मला विचारलं.

नानासाहेब आमचे प्रकाशक. वाशीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस, मी तिथे संपादक. टेबलावर हिराताईंच्या कथांची प्रूफं होती. प्रूफं म्हणजे छपाईआधी चुका शोधायला काढलेली प्रत. नानासाहेबांना मोठीच चूक सापडली होती. आदिवासी लेखिकेच्या पुस्तकात एकही झाड नव्हतं.

हिराताई ठाकर समाजाच्या. माहेर कर्जतजवळच्या वाडीवर, घर नेरुळला, नोकरी टेलिफोन ऑपरेटरची. कथाही तिथल्याच. एका कथेतली ऑपरेटर दिवसभर “होल्ड करा” म्हणत शुद्ध मराठीत लोकांचे ट्रंक कॉल जोडून देते. ड्युटी संपली की वाडीखालच्या दुकानात फोन लावते, आईला बोलावून घेते आणि ठाकरी बोलीत कडाकडा भांडते. मला ती कथा फार आवडली होती.

“कथा छानच आहेत,” नानासाहेब म्हणाले. “पण आदिवासीपण दिसायला हवं. कव्हरवर फेर धरून नाचणाऱ्या बायका घालू. मागे हिराताईंचा फोटो. पारंपरिक वेशात, झाडाखाली.”

हे हिराताईंना सांगायचं काम अर्थातच माझं. मी त्यांना नानासाहेबांच्या केबिनमध्येच बोलावलं. काय व्हायचं ते नानासाहेबांसमोरच होऊ दे. त्या आल्यावर कव्हरचं आणि फोटोचं सांगून टाकलं.

“काढू की फोटो,” हिराताई शांतपणे म्हणाल्या. “पुस्तकावर तुमचंही नाव असेल ना, नानासाहेब?”

“प्रकाशक म्हणून, हो.”

“मग दोघांचाही काढू. तुमी सोवळं नेसून या. शेंडी आहे का?”

नानासाहेबांचा हात टकलावर गेला. “अहो, मी रोज सफारी घालतो!”

“मी रोज पंजाबी ड्रेस घालते.”

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

“गैरसमज नको,” नानासाहेब म्हणाले. “हे आदिवासी साहित्य आहे, हे वाचकाला कळायला नको का?”

हिराताईंचा आवाज खाली आला. “आमच्या सोसायटीत दर गणपतीत मला सांगतात, तुमचा तो नाच करून दाखवा. मला नाचता येत नाही. लिहिता येतं. तेही चालणार नसेल तर राहू दे.” त्यांनी प्रूफं उचलली, पिशवीत टाकली आणि त्या उठल्या.

“बसा हो, चहा येतोय,” नानासाहेब घाईघाईने म्हणाले. चहा सांगितलेलाच नव्हता. मी सांगायला धावले.

परत आले तर हिराताई प्रूफं पुन्हा बाहेर काढून ते आईबरोबरचं भांडण वाचून दाखवत होत्या, अगदी वाडीवरच्या सुरात. नानासाहेब डोळे पुसत हसत होते.

“अहो, ही तर आमची आई!”

“नाही, ही माझीच,” हिराताई म्हणाल्या. “तुमची तुमी लिहा.”

कव्हरवर टेलिफोन आला. मागे पंजाबी ड्रेसमधल्या हिराताई. आवृत्ती संपायला वेळ लागला, पण संपली. एका परीक्षणात छापून आलं की या पुस्तकाच्या पानापानांतून रानाचा गंध येतो. हिराताईंनी लगेच मला फोन केला. “कुठलं पान हो?”

तेव्हापासून लेखकांकडे फोटो मागताना मी फक्त साइज सांगते.