आत्यांचं स्टेशन

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचं माहेर सीमेपलीकडं, आळंदच्या पुढं एका खेड्यात, आणि सासर इथं कळंबला. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठी येत नव्हती आणि मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कानडी येत नव्हती. मामांनी बायकोसाठी कानडी शिकून घेतली, असं आत्या कौतुकानं सांगायच्या. मामा म्हणायचे, "कशाचं काय, शिव्या कळाव्या म्हणून शिकलो." खरं काहीही असो, मी या घरात आले तेव्हा ती दोघं एकमेकांशी कानडीत बोलायची आणि बाकीच्या जगाशी मराठीत. माझ्याविषयी काही बोलायचं असलं की हमखास कानडी. मला शब्द कळायचे नाहीत, पण सूर कळायचा. भाकरी जाड झाली की एक सूर, माहेरचा फोन लांबला की दुसरा.

माझा स्वभाव तिखट आहे. आत्यांचा माझ्याहून तिखट. आमच्या भांडणाचा कायमचा विषय म्हणजे माझी भाकरी. "ही भाकर हाय का चपलीचा तळ?" असं त्यांनी विचारायचं, आणि "तुमच्या दाताला जमत न्हाय, त्याला मी काय करू?" असं मी म्हणायचं. या भांडणात दोघींचीही वर्षं चांगली गेली.

मामा गेले आणि घरातली कानडी बंद झाली. आमच्या ह्यांना ती कळते, पण बोलायची लाज वाटते. आईनं कानडीत विचारलं तरी हे उत्तर मराठीत देणार. त्यातून दिवसभर मोंढ्यात, आडतीच्या दुकानावर. हळूहळू आत्यांची मराठीही कमी झाली. तक्रार नाही, रडणं नाही. ओसरीवर बसायच्या, शेंगा फोडायच्या, हाक मारली तर मान हलवायच्या. मला आधी वाटलं, दुःखाचे दिवस आहेत, जातील. मग एकदा भाजीत मी मुद्दाम मीठ जास्त घातलं. आत्यांनी खाल्ली. नंतर एकदा भाकरी करपली, ती मुद्दाम नव्हती. तीही त्यांनी मुकाट्यानं खाल्ली आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. त्या दिवशी मी खरंच घाबरले.

दिवाळीच्या आधी त्यांच्या भावाचा फोन आला. अक्काला इकडं आणून सोडा, राहील आमच्यात, असं तो म्हणत होता. ह्यांनी आईला विचारलं. येळवस, म्हणजे शेतात जाऊन पूजा करून तिथंच जेवायची आमच्याकडची अमावस्या, दोन-अडीच महिन्यांवर होती. आत्या म्हणाल्या, "येळवस झाली की सोडा मला तिकडं. हितं बोलायला कोण हाय?"

मी चुलीजवळच होते. मी काय भिंत आहे? असं ओठांवर आलं होतं, पण गिळलं. राग आला होता हे खरं, आणि रागाच्या खाली दुसरंच काही होतं. त्या गेल्या असत्या तर मला करमलं नसतं. पण सासूला असं तोंडावर सांगायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून मी भांडी जरा जोरात घासली.

माझी मुलगी पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीला आली ती एक खोकं घेऊन. त्यात रेडिओ होता. दिसायला जुन्या रेडिओसारखा, लाकडी रंगाचा, पण त्याला एरियल नाही; तो घरातल्या वायफायवर चालतो. "आजी, यात जगातली सगळी स्टेशनं लागतात. कानडी पण," ती म्हणाली. आजीनं मान हलवली.

त्या रेडिओला वायफायचा पासवर्ड घालताना दोन माणसांचा जीव गेला. अक्षरं दाबायची सोयच नाही. त्यासाठी एकच गोल बटण. ते फिरवत फिरवत एकेक अक्षर शोधायचं आणि दाबायचं. आमच्या ह्यांनी पासवर्ड ठेवलेला कुलदैवताचं नाव, दुकानाचं नाव आणि वर गाडीचा नंबर. शेवटाला आलं की बटण जास्त फिरायचं, चुकीचं अक्षर बसायचं, की पुन्हा पहिल्यापासून. "एवढा लांब पासवर्ड कशाला, कोण तुमचं वायफाय चोरतंय?" मी म्हणाले. हे म्हणाले, "चोरीला गेलं का आजवर? न्हाय ना? मग." शेवटी रेडिओ लागला तो कुठल्या तरी परमुलखातल्या ढोलकीवर. आत्या उठल्या, देव्हाऱ्यातून विभूती आणली आणि रेडिओच्या कपाळावर तीन बोटं ओढली. नवी वस्तू घरात आली की आमच्याकडं हे होतंच. फ्रीजवर आहेत, गिरणीवर आहेत, ह्यांच्या मोटरसायकलवर आहेत.

पहिलं कानडी स्टेशन मुलीनं लावून दिलं ते चोवीस तास भक्तीचं. हेतू चांगला, पण घोटाळा त्यातच झाला. आत्यांच्या घरची रीत अशी की मंगळारती सुरू झाली की बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही आणि मधूनच उठून जायचं नाही. आरती संपेपर्यंत हात जोडून उभं राहायचं. देवळातली आरती संपते. ह्या स्टेशनवर एक संपली की लगेच दुसरी, दुसरी संपायच्या आत तिसरीची घंटा. आत्या रेडिओसमोर उभ्या. मी चहा आणून ठेवला. चहाचा बर्फ झाला. मी म्हटलं, "बसा आत्या, हे काय संपायचं न्हाय." त्यांनी डोळे मोठे केले. मी बटणाकडं हात नेला तर हातावर चापट. "चालू आरती बंद करू नये!"

बऱ्याच दिवसांनी त्या माझ्यावर एवढ्या ओरडल्या होत्या. मला बरंच वाटलं. पण म्हातारीचे पाय थरथरायला लागले तेव्हा माझा धीर सुटला. मुलगी मोबाइलवर काहीतरी शोधत होती, हे टाळ्या वाजवत शेजारी उभे होते. तेवढ्यात लाइट गेली. वायफाय गेलं, रेडिओ गप्प झाला. आत्यांनी खाली वाकून नमस्कार केला, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "चहा गरम करून आण." एरवी लाइटच्या नावानं बोटं मोडणारी मी, त्या दिवशी तिला मनोमन हात जोडले.

मग मुलीनं दुसरं स्टेशन शोधलं. सीमेपलीकडचं, छोटंसं. सकाळी एक बाई यायची. सगळ्यांना नमस्कार करायची, आज तिकडं ऊन आहे का आभाळ ते सांगायची, मग आमच्या लिंगायत संतांचं एक वचन लागायचं, चालीवर म्हटलेलं. मुलीनं ते स्टेशन बाजूच्या एका छोट्या बटणावर बसवलं, त्यावर गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि ती पुण्याला गेली.

इथं आमच्या घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आत्यांची लिंगपूजा झाल्याशिवाय त्या तोंडात काही घालत नाहीत. आणि ती पूजा सुरू कशी व्हायची, तर मामा आधी एक वचन म्हणायचे. ते ऐकलं की आत्या गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर घ्यायच्या. मामा गेल्यावर त्या पूजा करायच्या, पण घाईनं, काम उरकावं तशी. आता वचन रेडिओतून यायला लागलं आणि त्यांची पूजा पुन्हा सावकाश व्हायला लागली.

एवढंच नाही. ती बाई "एल्ला केळुगरिगे नमस्कार" म्हणाली, म्हणजे सगळ्या ऐकणाऱ्यांना नमस्कार, की आत्या उलट नमस्कार करायच्या. तिनं आभाळ आलंय म्हटलं की आत्या "हौदु, हौदु", म्हणजे होय होय, करायच्या. मी सैपाकघरात भाकऱ्या थापत ऐकायचे. रोज तेच शब्द, तोच सूर. खरं सांगते, मला त्या बाईचा राग यायचा. माझ्याशी दिवसभरात चार शब्द नाहीत आणि हिच्याशी गुलुगुलु गप्पा! बरं, हिनं कधी आत्यांना भाकरी करून घातली का? पण आत्यांचा चेहरा सकाळी उजळायचा, म्हणून मी गप्प बसायचे. संध्याकाळपर्यंत तो उजेड टिकायचा नाही. तिकडं जायचं त्यांनी रद्दही केलेलं नव्हतं. माहेरी न्यायची खणांची, टॉवेलांची पिशवी कपाटाच्या वर तशीच भरलेली होती.

येळवस तोंडावर आली. शेतात जायची तयारी चालू होती, मी आंबिलीसाठी ताक साठवत होते, भज्जीला, म्हणजे त्या दिवशीच्या मिसळभाजीला, लागणाऱ्या शेंगा निवडत होते. हे भल्या पहाटे लातूरला गेलेले. सकाळी आत्यांनी ठिपक्याचं बटण दाबलं. रेडिओवर अक्षरं आली: स्टेशन उपलब्ध नाही. पुन्हा दाबलं. तेच. मी वायफाय बंद करून चालू केलं, सगळी यादी फिरवून पाहिली. ढोलकीवाले होते, चोवीस तास आरतीवाले होते, पण ते स्टेशन यादीतून गेलेलं. मुलीला फोन केला तर म्हणाली, "आई, असं होतं कधी कधी. ते लोक बंद करतात, नाहीतर पत्ता बदलतात. आलं तर येईल."

आत्या पाटावर बसून होत्या. अंघोळ झालेली, कपाळावर विभूती, लिंग अजून गळ्यातच. मी म्हटलं, "आत्या, पूजा करून घ्या, चहा ठेवते." "ब्याड," त्या म्हणाल्या. नको. ऊन ओसरीच्या पायरीवर आलं तरी त्या तशाच. रेडिओकडं बघत नव्हत्या, कुठंच बघत नव्हत्या. मला ती करपलेली भाकरी आठवली.

मी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आले, रेडिओशेजारी उभी राहिले आणि म्हणाले, "एल्ला केळुगरिगे नमस्कार."

कुठून आलं तोंडात, देव जाणे. दोन महिने भाकरीबरोबर थापलं गेलं होतं बहुतेक. पुढचंही आलं. आज तिकडं ऊन आहे का आभाळ, ते सगळं मी त्या बाईच्या सुरात सांगून टाकलं. आत्यांनी मान वर केली. तोंडाला पदर लावला. आधी मला वाटलं रडतायत, पण त्यांचं पोट हलत होतं. त्या हसत होत्या. मी ऊन, आभाळ आणि पाऊस एकाच सकाळी आणला होता म्हणे.

मग मी नेहमी लागणारं एक वचन सुरू केलं. चाल येत होती, शब्द अर्धे. अर्ध्यावर अडकले. पुढचं आत्यांनी म्हटलं, आणि म्हणता म्हणता गळ्यातलं लिंग सोडून डाव्या हातावर घेतलं. मी आत पळाले. तिथंच थांबले असते तर मी रडले असते, आणि पिठाच्या हातानं डोळे पुसता येत नाहीत.

पूजा झाल्यावर आत्यांनी मला पहिल्यांदा कानडीत हाक मारली. "बा, कुंद्रु." ये, बस. एवढं मला कळत होतं. पुढचं कळलं नाही, तर त्यांनी ते पुन्हा सांगितलं, हातवारे करून. मग रोजच. मी चुकले की मांडीवर चापट. "दोन लेकरं शिकवली, तू तिसरी. सगळ्यात मठ्ठ."

येळवस झाली. आंबिल पिऊन, शेतातल्या खोपीत पूजा करून आम्ही परतलो, आणि दुसऱ्या सकाळी भावाचा फोन आला. ते स्टेशनही त्याच सुमारास परत आलं होतं. आत्यांनी मला खूण केली, रेडिओ बारीक कर. मी केला आणि भाकरीकडं वळले. फोनवर त्या भावाशी कानडीत बोलत होत्या. मधे थांबल्या. मग सावकाश, मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "इल्लि माताडोरु अदार."

इथं बोलायला माणसं आहेत.

मला कळलं. मी पाठ फिरवून उभी राहिले आणि काही कळलं नाही असं दाखवत तव्याकडं बघत बसले. बघत बसले आणि भाकरी करपली. जेवताना आत्यांच्या ताटात तीच आली. त्यांनी ती उचलून उजेडात धरली, मागून पुढून पाहिली आणि खाल्ली. पण मुकाट्यानं नाही. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत, कानडीत, नावं ठेवत खाल्ली.